गावच्या वाचनालयात महायुद्धाची मालिका दाखवायची आहे, सल्ला हवा

खाडीकाठचा (२ एप्रिल)

मंडळी, नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालय आहे. सात कपाटं, दोन बाकडी, एक पंखा. वाचक मोजून अकरा, त्यातले चार फक्त पेपर चाळून जातात. गेल्या गणपतीत एका चाकरमान्याने प्रोजेक्टर भेट दिला, तो अजून खोक्यातच आहे. मे महिन्यात मुंबईची पोरं येतील. दिवसभर आंबे नि समुद्र, रात्री मोबाइल. तर आमच्या समितीने (म्हणजे मी, निवृत्त गुरुजी आणि ज्याच्याकडे चावी असते तो) ठरवलंय की रोज रात्री जेवणं आटोपली की इतिहासाच्या माहितीपटाचा एक भाग दाखवायचा.

डोक्यात दोन मालिका आहेत. 'द वर्ल्ड ॲट वॉर', थेम्स टेलिव्हिजनची, १९७३ची, २६ भाग. आणि 'कोल्ड वॉर', सीएनएनची, १९९८ची, २४ भाग. दोन्हींच्या मागे माणूस एकच, जेरेमी आयझॅक्स.

पहिलीची सुरुवात एकदा बघितली की डोक्यातून जात नाही. रिकामं गाव, छपरं नसलेल्या भिंती, गवत वाढलेलं. फ्रान्समधलं ओरादूर-सुर-ग्लान. १० जून १९४४ला जर्मन एसएसची (हिटलरच्या नाझी पक्षाचं सशस्त्र दल) तुकडी आली आणि एका दुपारी सहाशेहून जास्त माणसं मारून गेली. पुरुषांना कोठारांत नेलं, बायकापोरांना चर्चमध्ये. ते गाव फ्रेंचांनी पुन्हा बांधलं नाही, तसंच ठेवलं. नवं गाव शेजारी वसवलं. वरून लॉरेन्स ऑलिव्हिएचा आवाज, अजिबात न चढणारा. बंद घरं आपल्याकडेही वाडीवाडीत आहेत म्हणा, पण त्याची कारणं वेगळी.

विचारायचं ते असं : दोन्हींतली कुठली घेऊ? इंग्रजीचं काय करू? पोरं कंटाळतील का?

सुरंगी (२ एप्रिल)

कल्पना छान. पण २६ रात्री? मे महिन्यात लग्नं आहेत, सत्यनारायण आहेत, वाडीची नाइट क्रिकेट टुर्नामेंट आहे. सहा-सात भाग निवडा नि दिवसाआड ठेवा. आणि सुरुवात ओरादूरने नको, लहान मुलं असतील तर.

काजूबोंड (२ एप्रिल)

आयपीएल पण आहे हो. समितीने याचा विचार केलेला दिसत नाही.

दर्यावर्दी (३ एप्रिल)

आम्ही हर्णैचे. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. 'वर्ल्ड ॲट वॉर' मी जहाजावर कॅसेटवर बघितली, चीफ इंजिनियरकडे अख्खा संच होता. तीन वेळा बघितली, कारण दुसरं काही नव्हतंच.

माझं मत विचाराल तर पहिलीच घ्या. कारण साधं आहे. १९७३ साली त्या युद्धातली माणसं जिवंत होती आणि पन्नाशी-साठी-सत्तरीत होती. म्हणजे आठवण शाबूत आणि लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही, असं वय. हिटलरची सेक्रेटरी ट्राउडल युंगं समोर बसून सांगते. पाणबुड्यांचा सेनापती डोनिट्झ बोलतो. हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर बोलतो, तो तर शब्द तोलून मापून, आणि बघणाऱ्याला कळतं की हा तोलतोय. ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ईडन आहेत, बॉम्बफेकीचे हॅरिस आहेत. पण आयझॅक्सने मोठ्या पुढाऱ्यांपेक्षा त्यांच्या हाताखालच्यांना आणि साध्या माणसांना जास्त बोलवलं. साहेबाचं खरं काय ते साहेब सांगत नाही, साहेबाचा स्टेनो सांगतो. हे आम्हा जहाजावरच्यांना शिकवायला नको. कॅप्टनचं खरं रूप विचारायचं तर स्टुअर्डला विचारा.

आता ती माणसं नाहीत. कितीही पैसा ओतला तरी तशी मालिका आता होणे नाही.

मिक्सिंग टेबल (३ एप्रिल)

दर्यावर्दींशी सहमत. मी अलिबागचा, पोटापाण्यासाठी अंधेरीत आवाजाचं काम करतो, म्हणून थोडं आतलं.

युद्धावरचा माहितीपट बघताना तोफ कानठळ्या बसवते, विमान घोंघावत जातं, चिखलात बूट वाजतात. त्यातलं जवळजवळ काहीही त्या दिवशी रेकॉर्ड झालेलं नसतं. आघाडीवरचे कॅमेरे बहुतेक मुके होते. फिल्म यायची ती नुसतं चित्र घेऊन, आवाज नंतर माझ्यासारखा कोणीतरी खोलीत बसून घालतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पण पोरांना हे आधी सांगा आणि एक भाग पाच मिनिटं आवाज बंद करून दाखवा. काय फरक पडतो तो त्यांचा त्यांना कळेल.

दुसरं म्हणजे, या मालिकेचे इतिहासाचे सल्लागार होते नोबल फ्रँकलंड, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे प्रमुख. त्यांचा आग्रह असा की ज्या लढाईबद्दल बोलताय तिचंच चित्र दाखवा, कुठल्याही रणगाड्यावर कुठलंही नाव चिकटवू नका. हल्ली यूट्यूबवर महायुद्धाचे 'दुर्मीळ रंगीत व्हिडिओ' म्हणून जे फिरतं त्यातले कित्येक तर संगणकाने बनवलेले असतात. बोटं मोजा, सहा निघतील.

वाचनवेडी (३ एप्रिल)

बोटं मोजायची आयडिया भारी. वाचतेय.

गलबत (४ एप्रिल)

सगळं ठीक, पण ही ब्रिटिशांनी ब्रिटिशांसाठी केलेली मालिका आहे हे कोणी बोलेल का? दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांवर गेलं. सगळे स्वतःहून भरती झालेले. बंगालात १९४३च्या दुष्काळात लाखो माणसं अन्नाविना गेली, तेही त्याच युद्धात. आणि आपल्या पोरांना आपण काय दाखवणार, तर लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा लोक भुयारी स्टेशनात कसे झोपले! आपल्या गावातून गेले त्यांचं काय?

दर्यावर्दी (४ एप्रिल)

गलबतराव, दाखवू नका असं म्हणणं आहे की आणखी काहीतरी दाखवा असं?

गलबत (४ एप्रिल)

आणखी. पण ते आहे कुठे?

माणगावकरीण (४ एप्रिल)

आहे ना. नुसतं उत्तर देऊन थांबत नाही, उदाहरणच देते.

मालिकेचा तेरावा भाग इटलीवर आहे. रोम पडलं ४ जून १९४४ला, आणि तिथे तो भाग संपतो. आता आमच्या रायगडचा नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा, वय बावीस. त्याची लढाई १० जुलै १९४४ची, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. रोम पडून महिना उलटला होता, सगळ्या जगाचं लक्ष तोवर नॉर्मंडीकडे गेलेलं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, त्याच्या तुकडीतला तो सोडून प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. हा एकटा धावत सुटला. बॉम्ब टाकून ती गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता तर बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्याची कबर नाही, समाधी नाही, इटलीत कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. आणि माणगावात पुतळा आहे, त्याच्या समोरून लोक सातबाऱ्यासाठी जातात-येतात.

म्हणजे मालिकेने आपल्याला मुद्दाम वगळलं असंच नाही. कॅमेरा जिथे संपला त्याच्या पुढच्या वळणावर आपला माणूस होता. तेरावा भाग दाखवा, आणि संपला की दिवे लावून हे सांगा. दहा मिनिटं.

सुरंगी (४ एप्रिल)

_/\_ हे मला माहीत नव्हतं. आणि मी माणगावातून शंभरदा गेलेय.

खाडीकाठचा (५ एप्रिल)

माणगावकरीण ताई, हे सोनं आहे. प्रत्येक भागानंतर दहा मिनिटं 'आपल्याकडचं' बोलायचं, हे ठरलं. आता कुठल्या भागाला काय जोडायचं ते सुचवा. फक्त ऐकीव नको, तारीख-सालासकट.

लाल माती (५ एप्रिल)

धाग्याला थोडा खडा. वाचनालयात सार्वजनिक प्रदर्शन म्हणजे हक्काचा प्रश्न येतो. स्वतःची डीव्हीडी असली तरी ती घरी बघण्यासाठी असते, गावाला दाखवण्यासाठी नाही. परवानगी मागा, नाहीतर वाचनालयाच्या नावाने बोर्ड लावू नका. मी पेशाने यातलाच आहे म्हणून सांगतोय, विघ्न आणायचं म्हणून नाही.

काजूबोंड (५ एप्रिल)

मग वाचनालय राहू द्या. खाडीकाठच्यांच्या ओटीवर बघा. घरचे, पाहुणे नि पाहुण्यांचे पाहुणे. चहा मात्र द्यावा लागेल.

खाडीकाठचा (५ एप्रिल)

चहाचं बायकोला विचारून सांगतो.

हापूसवाला (१४ एप्रिल)

आज १४ एप्रिल म्हणून लिवतंय. माझो आजो मुंबयच्या गोदीत हमाल होतो. १९४४ साली आजच्याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली. आजो त्या दिवशी पाळयेवर नव्हतो, ताप इल्लो म्हणान खोलयेवर झोपलेलो. तो सांगायचो, "आधी एक आवाज इलो. आमी म्हटला जपानी इले. मगे अर्ध्या तासान दुसरो. दुसऱ्यान उरलासुरला सगळा गेला." त्याच्या खोलयेतले चौघे पाळयेक गेल्ले. एकच परत इलो.

दर्यावर्दी (१४ एप्रिल)

हापूसवाले, बरं लिहिलंत. थोडी भर घालतो.

बोट बर्कनहेडहून कराचीमार्गे आलेली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि कराचीत वरून कापसाच्या गासड्या भरलेल्या. शिवाय सोन्याच्या विटा. दारूगोळा नि कापूस एका जहाजात हे कुठल्याही खलाशाला ऐकूनच घाम फुटेल. एरवी कोणी भरलं नसतं, पण युद्धात जहाजांची टंचाई. गासड्यांना आग लागली, दुपारी चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. गोदी कामगार नि आसपासचे किती गेले याचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण शेकड्यांत नक्की.

आणि मिक्सिंग टेबल, तुमच्या कामाचं : सुधीश घटक नावाच्या छायाचित्रकाराने त्याचं चित्रीकरण केलं होतं. लष्कराने ते जप्त केलं, काही तुकडे मागाहून बातमीपटात दाखवले. युद्धकाळ म्हणून बातमीवरही कात्री होती. गलबतराव विचारत होते ना, 'आहे कुठे' म्हणून? असं जातं ते.

मिक्सिंग टेबल (१४ एप्रिल)

हे वाचून हात थांबले. बारा वर्षं मी त्या गोदीच्या बाजूने लोकलने जातोय.

काजूबोंड (१४ एप्रिल)

सोन्याच्या विटा कोणाला मिळाल्या का पण?

दर्यावर्दी (१४ एप्रिल)

मिळाल्या असत्या तर हापूसवाल्यांचो आजो हमाल रवलो नसतो.

हापूसवाला (१४ एप्रिल)

खरा असा.

आंबोलीचा पाऊस (१६ एप्रिल)

'कोल्ड वॉर' मालिका बाजूला टाकू नका, एवढीच विनंती. ती आपल्या तळकोकणाच्या दारात घडलेली गोष्ट आहे, फक्त मालिकेला पत्ता नाही.

१९६१ घ्या. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. त्यावर मालिकेत अख्खा भाग आहे, आणि उत्तम आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सावंतवाडी-बांदा रस्त्यावर लष्कराच्या ट्रकांची रांग लागलेली. माझी आत्या तेव्हा सात-आठ वर्षांची, ती सांगते की घरातल्या बायकांनी जवानांना घावणे करून घातले आणि पीठ संपलं. १८ डिसेंबरला सैन्य गोव्यात घुसलं, १९च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हाने शरणागती पत्करली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हुकूम होता शेवटपर्यंत लढा म्हणून. याने तो मानला नाही, नाहीतर पणजीची राख झाली असती. त्याबद्दल पोर्तुगालने त्याला सैन्यातून काढून टाकलं.

पण पोर्तुगाल नाटोत. म्हणजे अमेरिकेचा दोस्त. प्रकरण सुरक्षा परिषदेत गेलं आणि तिथे अमेरिकेने व्हेटो वापरला.

लाल माती (१६ एप्रिल)

दुरुस्ती. व्हेटो सोव्हिएत युनियनचा. भारताने युद्ध थांबवावं आणि सैन्य मागे घ्यावं असा ठराव होता, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स त्याच्या बाजूने. सात विरुद्ध चार. विरोधात सोव्हिएत, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त. सात मतं पडूनही ठराव गेला तो सोव्हिएत व्हेटोमुळे.

आंबोलीचा पाऊस (१६ एप्रिल)

बरोबर, माझं उलटं झालं. घाईत लिहिलं. धन्यवाद.

मूळ सांगायचं होतं ते वेगळंच. आमच्या आंबोलीच्या जंगलात १९५५ साली एक चोरटं रेडिओ केंद्र चालत होतं. गोव्यातल्या लोकांना कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या द्यायचे. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूला हललं आणि १९६१पर्यंत चालू राहिलं. आंबोलीचा पाऊस ज्याने बघितलाय त्यालाच कळेल, त्या पावसात, जळवांमध्ये, यंत्र कोरडं ठेवून रोज बोलायचं म्हणजे काय. गोवा मुक्त झाल्यावर याच दोघांनी विमानातून लाउडस्पीकरवर गोव्याला बातमी सांगितली. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, शंभरी गाठल्यावर.

शीतयुद्धावरच्या मालिकांत रेडिओ म्हटला की म्युनिकहून पूर्व युरोपला बोलणारी केंद्रं येतात. आंबोलीचं यायला हवं होतं असं नाही, पण आपण तरी सांगावं.

सुरंगी (१७ एप्रिल)

माझ्या आजीचं शीतयुद्ध रेशनच्या दुकानात होतं. अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. पीएल-४८० कायद्याखाली जहाजं भरून धान्य यायचं. बहात्तरच्या दुष्काळातला मिलो तर आमच्याकडे अजून शिवी म्हणून वापरतात. "काय मिलोसारखं तोंड केलंय!"

गलबत (१७ एप्रिल)

आणि त्याआधी 'रंगूनचा तांदूळ'. मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं नि तो बंद झाला. आमची पणजी मरेपर्यंत म्हणायची की तसा मोकळा भात पुन्हा झाला नाही. पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं, आणि चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीबरोबर चिठ्ठ्या यायला लागल्या की गावाहूनच तांदूळ पाठवा. उलटी गंगा.

(हो, मीच तो, मालिकेला नावं ठेवणारा. काल बर्मावरचा चौदावा भाग बघितला. चांगला आहे. एवढंच कबूल करतो.)

काजूबोंड (१७ एप्रिल)

गलबत किनाऱ्याला लागलं.

बाणकोट खाडी (१९ एप्रिल)

सगळ्यांचं वाचतेय, पण तुम्ही सगळे १९६१ला थांबताय. आमच्याकडे मंडणगड-खेड-श्रीवर्धनच्या मोहल्ल्यांत विचारा, 'लढाई' म्हटलं की लोकांना १९९० आठवतं.

माझे मामू कुवेतला एका दुकानात हिशेब लिहायचे. २ ऑगस्ट १९९०ला इराकी सैन्य शहरात आलं तेव्हा पहाटे त्यांना वाटलं कोणाच्या तरी लग्नाचे फटाके आहेत. आठ दिवसांत कुवेती दिनार रद्दी झाला. बारा वर्षांची बचत त्या दिनारांत होती. मग बसने बगदाद, बगदादहून जॉर्डनची हद्द, तिथे वाळवंटात तंबू. पाण्यासाठी रांग, भाकरीसाठी रांग. इथे आमची नानी रोज रात्री बीबीसी लावून बसायची, इंग्रजी कळत नसताना. 'कुवेत' हा शब्द आला की सगळ्यांना गप्प करायची.

अम्मानहून एअर इंडियाची विमानं सुरू झाली. ऑगस्ट ते ऑक्टोबर, साधारण १ लाख ७० हजार भारतीय आणले. मामू सप्टेंबरात आले. मुंबईहून रात्रीची एस्टी पकडून पहाटे गावात उतरले, हातात एक पिशवी, तीत मुलीसाठी घेतलेली बाहुली आणि दुकानाची चावी. मालकाचं दुकान, पण चावी यांच्याकडे राहिली. ती अजून आमच्याकडे खिळ्याला आहे.

आणि गंमत बघा. जानेवारी १९९१मध्ये बगदादवर बॉम्ब पडायला लागले ते सीएनएनने जगाला घरबसल्या दाखवले. त्याच चॅनेलने सात वर्षांनी 'कोल्ड वॉर' बनवली. मामू म्हणतात, "त्यांनी आकाश दाखवलं. आम्ही खाली होतो, ते नाही दाखवलं." ते आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. बोलवाल तर येतील. देवगड लांब आहे, पण येतील.

खाडीकाठचा (१९ एप्रिल)

ताई, गाडी पाठवतो. मामूंचा नंबर मला व्यक्तिगत निरोपातून द्या, इथे नको.

संपादक मंडळ (२० एप्रिल)

काल रात्री आजच्या राजकारणावर आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा फार चांगला चालला आहे, तो तसाच चालू द्या.

काजूबोंड (२० एप्रिल)

त्यातला एक माझा होता. एन्रॉनवर विनोद होता हो फक्त, अंजनवेलच्या बाजूने.

खाडीकाठचा (३ जून)

मंडळी, उशीर झाला. आंबा, पाहुणे, मग पहिल्या पावसात लाइट गेली ती तीन दिवस. आता वृत्तांत.

परवानगीचं लफडं नको म्हणून वाचनालय सोडलं. आमच्याच ओटीवर चादर बांधली. ठरवले होते आठ भाग, झाले पाच. पहिल्या रात्री तीस माणसं, दुसऱ्या रात्री नऊ. काजूबोंड जिंकले, मॅच होती.

ओरादूर मी सुरंगींचं न ऐकता दाखवलंच. पोरं गप्प झाली, मोठी माणसं जास्त. आमची आवस ऐंशीची, तिला इंग्रजी येत नाही. तिने भाग संपल्यावर एवढंच विचारलं, "आणि त्यांची गुरां? गुरां कोणी सोडल्यान?" मी ती मालिका चार वेळा बघितलीय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आवाज बंद करून दाखवण्याचा प्रयोग केला. एक मुंबईचा पोरगा म्हणाला, आता हे खरं वाटतंय. मिक्सिंग टेबल, तुमच्या धंद्याची माफी मागून.

इटलीच्या भागानंतर गुरुजींनी घाडग्यांचं सांगितलं. गुरुजी दहा मिनिटांचे पाऊण तास करतात हे आम्ही विसरलो होतो. ज्यूंच्या संहाराचा विसावा भाग मी लहानांसाठी ठेवला नाही, मोठे पाच-सहा जण नंतर उशिरा बसलो. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मामू आले. मालिका त्या रात्री लावलीच नाही. ते दोन तास बोलले, मध्ये एकदाच पाणी प्यायले. चावी आणली होती, पोरांनी हातात घेऊन बघितली. कोणीतरी विचारलं, परत गेलात का कुवेतला? म्हणाले, "गेलो की, ब्याण्णवमध्ये. कर्ज होतं. ते दुकान राहिलं नव्हतं."

शेवटच्या रात्रीचं वेगळंच झालं. चावीवाला म्हणाला, शाळेच्या भिंतीत एक दगड आहे, त्यावर महायुद्धाचं काहीतरी लिहिलंय. आम्ही सगळे त्याच शाळेत शिकलो, त्याच दगडाला टेकून डबे खाल्ले, वाचला कोणी नाही. सकाळी पोरं काथ्या नि पाणी घेऊन गेली, चुन्याचे थर काढले. इंग्रजी अक्षरं निघाली. या गावातून महायुद्धाला माणसं गेली, १९१४ ते १९१९, इतकी. त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत. एकवीस आणि चार. नाव एकही नाही. पोरांचा पहिला प्रश्न अर्थात, कोण चार?

माणगावकरीण (३ जून)

असे दगड रत्नागिरी, रायगड, सातारा सगळीकडे आहेत. तुमच्या बाजूचे बहुधा मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले असतील. कुट-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५पासून पाच महिने. घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती, सुमारे तेरा हजार कैदी, आणि त्यांतले कित्येक चालता चालता गेले. पण तुमचे चार तिथलेच असं छातीठोक म्हणू नका, पलटण कळल्याशिवाय.

लाल माती (३ जून)

आणि फक्त आकडा कोरायची सवय तुमच्या गावापुरती नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत, पण भारतीय शिपायांची पलटणवार नुसती संख्या. युद्धस्मारकांचं काम बघणाऱ्या आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात हे कबूल करून माफी मागितली. त्यांच्या संकेतस्थळावर नावानिशी शोध घेता येतो, पण गावाचं नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल ते देव जाणे. सगळी स्पेलिंगं करून बघा.

हापूसवाला (३ जून)

घराघरात इचारलास काय? पेन्शनीचे कागद खयतरी ट्रंकेत आसतले.

खाडीकाठचा (५ जून)

विचारलं. हापूसवाले, तुमचं बरोबर निघालं. खालच्या वाडीत एका बंद घराची चावी शेजाऱ्यांकडे होती, मालकांना मुंबईला फोन करून परवानगी घेतली. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, आत वाळवीने खाल्लेला एक गठ्ठा. वर इंग्रजी शिक्का, त्यात १९१७ एवढं वाचता येतं. बाकी सगळं मोडीत आहे.

इथे कोणी मोडी वाचणारं आहे का?

वाचनवेडी (५ जून)

मी वाचते. दोन वर्षं पुराभिलेखागारात शिकले. फोटो पाठवू नका, वाळवी लागलेला कागद फोटोत निम्मा दिसतो. उन्हात ठेवू नका, उलगडायचा प्रयत्न करू नका. मी रत्नागिरीत आहे, शनिवारी सुट्टी.

खाडीकाठचा (५ जून)

रत्नागिरीहून सकाळची देवगड गाडी पकडा, दुपारी जेवायलाच या. स्टॉपवर चावीवाला उभा असेल.